अंबाड्याचं ओताई

कलिंगड कसं कोरायचं, इथून सुरुवात झाली.

"सुरी ठेव खाली. चमचा घे," कालोलाइन म्हणाली. "तुकडे पडले की त्याला ओताई नाही म्हणत. दवाखान्यात आजाऱ्याला देतात तसली वाटी होते ती."

लेसिएलीनं सुरी ठेवली आणि चमचा घेतला. ओताई तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. कलिंगडाचा गर चमच्यानं कोरून त्याचा लगदा करायचा, त्यात किसलेला अननस, खवलेला नारळ, नारळाचं दूध, पाणी, थोडी साखर आणि वरून बर्फ. वयाच्या सातव्या वर्षापासून ती हे करत आली होती. माहेरी कुणाचाही वाढदिवस असो, ओताईची बादली तिच्याच ताब्यात असे. सुरी तिनं फक्त फळ अर्धं करायला उचलली होती. पण हे नणंदेला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याच्या घरात नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचा शब्द सगळ्यांच्या वरचा. भावजयीनं मान खाली घालायची आणि कोरत राहायचं.

नाइतेचा पहिला वाढदिवस उद्यावर आला होता. अंगणात मांडव पडला होता, शेजाऱ्यांनी बाकं आणून टाकली होती, साठ माणसं जेवायला यायची होती. कालोलाइन ऑकलंडहून दहा दिवस आधीच बेटावर येऊन दाखल झाली होती. उद्या गावासमोर नाक कापलं जायला नको म्हणून आज भांडंभर ओताई करून आधी तिला चाखवायचं, असा हुकूम निघाला होता. घरातल्या पाठ असलेल्या एकुलत्या एका खुर्चीत ती बसली होती आणि तिच्या मांडीवर नाइते होती. मेलेनाइते हे नावही तिनंच ठेवलेलं, बाळ दोन तासांचं असताना, फोनवरून. नाव आत्यानंच ठेवायचं असतं; त्याबद्दल लेसिएलीची तक्रार नव्हती. आत्ता तिचं लक्ष होतं ते कालोलाइनच्या अंगठीकडे. अंगठीचा खडा पोरीच्या डोळ्यापासून दोन बोटांवर होता.

"नारळ कुठाय?"

"खवतायत."

"अजून? त्याला सांग, बारीक खव म्हणावं. जाड खवला की घशात बसतो."

फेलेती दारापासून दहा पावलांवर, नीरफणसाच्या सावलीत खवणीच्या पाटावर बसला होता. त्याला ऐकू गेलंच असणार. पण वयात आल्यावर भाऊ-बहीण एका छपराखाली बसत नाहीत, आणि बहीण मुक्कामाला आली की भाऊ आपलंच घर सोडून बाहेर पडतो. गेले दहा दिवस फेलेती मागच्या खोपटात झोपत होता आणि दोघांचे निरोप इकडून तिकडे करायचं काम लेसिएलीकडे होतं.

"बारीक खवायला सांगितलंय," ती दारात जाऊन म्हणाली.

"ऐकलं."

"मग त्यांना काय सांगू?"

"सांग, बारीकच खवतोय."

"बारीकच खवतायत," ती आत येऊन म्हणाली.

"हं," कालोलाइन म्हणाली, जणू तिच्या कानावर यातलं काही पडलंच नव्हतं.

खोबरं आलं, अननस किसून झाला. लेसिएली दूध पिळायला बसणार, तेवढ्यात कालोलाइननं पायाशी ठेवलेल्या पिशवीतून आटवलेल्या दुधाचे दोन डबे काढले आणि व्हॅनिलाची बाटली काढली.

"हे घाल."

"दोन्ही डबे?"

"ऑकलंडमध्ये सगळे असंच करतात. तुम्ही इथं बसा नारळ पिळत."

"आइस्क्रीम नाही आणलंत?" लेसिएलीच्या तोंडून निसटलं.

"ते उद्या आणायचंय," कालोलाइन म्हणाली. टोमणा तिला कळला नाही, किंवा कळला आणि पुढं कधीतरी वापरायला तिनं तो बाजूला काढून ठेवला.

तयार ओताईचा पहिला पेला अर्थातच तिचा. तिनं घोट घेतला, जिभेवर घोळवला, आणि मग त्यातलंच चमचाभर नाइतेच्या तोंडाला लावलं.

"वन्सं, अननस आहे त्यात."

"बरं मग?"

"गेल्या आठवड्यात तिच्या तोंडाभोवती पुरळ उठलं होतं. वहीत लिहून ठेवलंय मी."

"वहीत." कालोलाइननं मान हलवली. "दोन वर्षं कॉलेजात गेलीस ना, त्याचं हे. आमच्या आईनं आम्हाला वहीबिही न ठेवता वाढवलं. खाऊ दे. तिकडं गेल्यावर सगळ्याची सवय हवी."

लेसिएली उद्यासाठी दुसरं कलिंगड कोरायला बसली होती. "ख्रिसमसला अजून दोन महिने आहेत," ती म्हणाली.

"ख्रिसमसचं कोण बोलतंय? मंगळवारी."

लेसिएलीचा चमचा फिरतच राहिला. ख्रिसमसला तिघांनी मिळून ऑकलंडला जायचं ठरलं होतं. पोरीचा पासपोर्ट त्यासाठीच काढला होता. अर्जावर तिनं स्वतः सही केली होती.

"तिकिटं दोन काढलीत. माझं आणि हिचं," कालोलाइन म्हणाली. ती हे पोरीकडे बघत बोलत होती. "माझ्याजवळ वाढेल ती. तुम्ही दोघं या पुढंमागं, जमेल तसं. फेलेतीनं पत्र दिलंय लिहून, सहीनिशी. पाद्रीबाबांची साक्ष आहे खाली. तुला बोलला नाही का तो?"

लेसिएलीनं चमचा आणखी खोल घातला.

"पांढरं येतंय," कालोलाइन म्हणाली. "लक्ष कुठाय तुझं?"

खरंच पांढरं येत होतं. चमचा गर सोडून सालीला लागला होता.

"तीन खोल्या आहेत माझ्या," कालोलाइन थोड्या वेळानं म्हणाली, आवाज खाली आणून. "दोन बंदच असतात. दिवसभर परक्यांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचं, त्यांची अंथरुणं बदलायची, आणि घरी येऊन दिवा लावायचा. हिची खोली मी रंगवून घेतलीय. पिवळी. तुला काय, तू तरणी आहेस. दुसरं होईल तुला."

पिवळी म्हणताना तिचा आवाज जरासा फाटला. लेसिएलीला ते ऐकू आलं, आणि त्या फाटलेल्या आवाजाचा तिला डब्यातल्या दुधापेक्षा जास्त राग आला. दुष्ट बाईशी भांडता येतं. पोरीसाठी भिंती रंगवून बसलेल्या बाईशी कसं भांडायचं?

ती उठून बाहेर गेली. फेलेती मान खाली घालून खवत होता. नारळाची वाटी केव्हाच रिकामी झाली होती.

"सही केलीस?"

"हळू बोल लेसी."

"केलीस का?"

"ती माझी बहीण आहे."

"आणि आत बसलीय ती एवढीशी कोण आहे तुझी?"

"तिनं मागितली," फेलेती म्हणाला. "फोनवर. रडत होती. मी काय म्हणायला हवं होतं?"

"नाही म्हणायचं."

"बहिणीला?" त्यानं मान वर केली. उघड्या अंगानं चर्चमध्ये जा, असं बायकोनं सांगावं तसा तो तिच्याकडे बघत राहिला. तो खोटं बोलत नव्हता. तो शब्द त्याच्या तोंडात त्या नात्यासाठी कुणी ठेवलेलाच नव्हता.

"आज बाबा असते तर त्यांनी तरी—"

"बाबांनी काय केलं असतं? तोकिलुपे आत्या दारात दिसली की बाबा हातातला घास ठेवून बाहेर जायचे. तिनं आमचा रेडिओ नेला, शिवणयंत्र नेलं, पिलांसकट डुकरीण नेली. बाबा स्वतः गाडीत चढवून द्यायचे. या घरात आत्यांपुढं कधी कुणाचं चाललंय, म्हणून माझं चालेल?"

तोकिलुपे आत्या कालोलाइनचीही आत्याच होती.

"तोकिलुपे आत्या आहेत ना अजून?"

"आहे. का?"

"उद्याचं बोलावणं गेलंय त्यांना?"

"वेड लागलंय का तुला?" फेलेतीनं आवाज आणखी खाली आणला. "बाबा गेल्यापासून तिनं या अंगणात पाय टाकलेला नाही. माहितेय तुला."

तिला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या अंत्यविधीला सगळ्यात मानाची, आजीच्याही आजीनं विणलेली बारीक चटई रीतीप्रमाणे त्यांच्या बहिणीला जायची होती. तोकिलुपे आत्याची गाडी वाटेत बंद पडली. ती पोचेपर्यंत तिच्या जागेवर कालोलाइन बसली होती आणि चटई गुंडाळून सुटकेसमध्ये गेली होती. म्हातारीनं भावाच्या कपाळावर ओठ टेकले आणि कुणाशी एक शब्द न बोलता ती निघून गेली.

लेसिएली आत आली. बर्फ सांगून ठेवायला जाते म्हणाली आणि पोरीला उचलायला हात पुढं केले.

"तिला कशाला नेतेस उन्हात?"

"दूध प्यायची वेळ झाली तिची. अंगावरचं. ते अजून डब्यात मिळत नाही, वन्सं."

कालोलाइननं पोर सोडली. सोडताना तिची बोटं पोरीच्या झग्यावर गरजेपेक्षा थोडी जास्त रेंगाळली.

जाताजाता लेसिएलीनं भांड्यातलं ओताई बरणीत भरून घेतलं. नवऱ्याच्या आत्याकडे रिकाम्या हातानं जाता येत नाही. पश्चिमेकडे जाणारी बस मिळाली. वाटभर तिनं बरणी दोन पायांत धरली होती आणि पोरीच्या तोंडाभोवतीचे लाल ठिपके ती बघत होती. बसमध्ये चढताना तीन होते. उतरताना पाच झाले.

तोकिलुपे आत्या ओसरीवर चटई विणत बसली होती. लांब, हाडकुळी बाई. केस सगळे पांढरे, नजर अजून तीक्ष्ण. ओसरीखाली येऊन लेसिएली जमिनीवर बसली, तरी म्हातारीनं चार ओळी विणून होईपर्यंत मान वर केली नाही.

"कोण गं तू?"

"फेलेतीची बायको, आत्या."

"हां. लग्नात बघितली होती. तेव्हा बारीक होतीस." तिनं बरणीकडे हनुवटी केली. "ते काय?"

"ओताई आणलंय तुमच्यासाठी."

म्हातारीनं झाकण काढलं, वास घेतला, एक घोट घेतला आणि तो ओसरीवरून खाली थुंकला.

"वासराला पाजतात हे."

"वन्संनी डब्याचं दूध घालायला लावलं."

"तिनं लावलं. आणि तेच बरणीत भरून तू मला आणलंस." म्हातारी आता तिच्याकडे नीट बघत होती. "मला गंडवायला आलीस, की तिला?"

लेसिएलीनं बरणीचं झाकण लावून टाकलं.

"मागं अंबाड्याचं झाड आहे. मोसम संपत आलाय, पण वरच्या फांद्यांना असतील. काढ. कलिंगडाचं ओताई ही हल्लीची थेरं. ओताई अंबाड्याचं असतं. ते कर आणि मग काय बोलायचं ते बोल."

लेसिएलीनं पोरीला म्हातारीच्या समोर चटईवर बसवलं, काठीनं बावीस अंबाडे पाडले आणि किसायला बसली. अंबाड्याच्या बाठ्याला काटेरी तंतू असतात. किसणीवर फळ संपत आलं की ते बोटांत घुसतात. म्हातारी विणत विणत प्रश्न विचारत होती आणि लेसिएली किसत किसत सांगत होती. तिकिटं, पत्र, पाद्रीबाबांची साक्ष, मंगळवार.

"बारीक कीस," म्हातारी मध्येच म्हणे. "बाठा चोळून घे, रस तिथंच असतो." आणि मग, "पुढं?"

पुढचं सांगून झालं.

"म्हणजे तुला तिला नाही म्हणता येत नाही, फेलेतीला येत नाही. म्हणून मी म्हणायचं."

"हो."

"तीन वर्षं ही बस माझ्या दारावरून जाते. एकदा उतरलीस? आज स्वतःची पोर चालली तेव्हा आत्या आठवली."

"हो," लेसिएली म्हणाली. खोटं बोलून उपयोग नव्हता. "माझ्यावर उपकार करू नका, आत्या. पण उद्या मांडवात मानाच्या चटयांच्या ढिगावर वन्सं बसणार आहेत. तुम्ही असताना. बाबांच्या वेळी गाडी बंद पडली होती. उद्या गाडी चालू असून तुम्ही घरात बसलात, तर ती जागा त्यांचीच होईल, कायमची."

म्हातारीचे हात थांबले.

"माझी चटई काय केली तिनं?"

"भिंतीवर लावलीय. काचेत घालून. फोनवर फोटो दाखवला होता."

"भिंतीवर," म्हातारी म्हणाली. मग तिनं किसलेल्या अंबाड्यात नारळाचं दूध आणि पाणी स्वतःच्या हातानं घातलं, ढवळलं, प्यायली. चांगलं झालंय असं म्हणाली नाही. पण पेला रिकामा केला.

"येईन मी," ती म्हणाली. "उरलेले अंबाडे घेऊन जा, उद्याही हेच कर. आणि एक ऐकून ठेव. मी कुठं गेले की रिकाम्या हातानं परत येत नाही. हे तुझ्या नवऱ्यानं सांगितलं असेल तुला."

"काय हवंय तुम्हाला?"

"उद्या सांगेन," म्हातारी म्हणाली. हे बोलताना ती लेसिएलीकडे बघत नव्हती. तिच्या चटईचा सुटा धागा नाइतेनं मुठीत धरला होता आणि म्हातारी ती मूठ बघत होती.

परतीच्या बसमध्ये लेसिएलीनं अंबाड्यांची पिशवी दोन पायांत धरली होती. एका बाईच्या तावडीतून पोर सोडवायला तिनं दुसरीला बोलावलं होतं, आणि या दुसरीच्या वर घरात कुणीच नव्हतं. पहिलीवर निदान ही होती.

शनिवारी सकाळपासून ती बोटांना चिंध्या बांधून अंबाडे किसत होती.

"हे हिरवट काय?" कालोलाइननं विचारलं. ती डोकं धुऊन, सुगंधी तेल लावून, कार्याच्या रीतीप्रमाणे कमरेला नवी चटई गुंडाळून तयार होती.

"बाजारात मिळाले. म्हाताऱ्या माणसांना आवडतं."

"कर. पण माझ्यासमोर माझंच ठेव, डब्याच्या दुधाचं."

दुपारी मांडव भरला. केळीच्या पानांवर डुकराचं मांस, अळूच्या पानांतल्या पुड्या, सुरण, मासे. बादल्यांत लालभडक ओताई, वर बर्फ. सगळ्यात पुढं एकावर एक रचलेल्या चटया, त्यांच्यावर कालोलाइन, तिच्या मांडीवर पांढऱ्या झग्यातली नाइते. पाद्रीबाबा बाजूला. पुरुष लांब, मांस भाजायच्या भट्टीच्या खड्ड्यापाशी, त्यांच्यात फेलेती. लेसिएली स्वयंपाकघराच्या दारात. नवऱ्याच्या घरच्या कार्यात बायकोची जागा तिथंच असते. तिथून तिला मांडव दिसत होता आणि रस्ताही.

पाद्रीबाबा प्रार्थनेला उभे राहिले. कालोलाइन त्यांच्याकडे किंचित वाकून काही बोलली आणि त्यांनी मान डोलावली. लेसिएलीला ओठांवरून कळलं. प्रार्थनेनंतर ते गावाला सांगणार होते. एकदा गावासमोर सांगून झालं की पुढं बोलायला काही उरणार नव्हतं.

तेव्हा दारात गाडी थांबली.

तोकिलुपे आत्या उतरली ती कमरेला एक जुनी, कडा झिजलेली, जवळजवळ काळी पडलेली चटई बांधून. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. मांडवातून ती सरळ पुढं आली आणि बाकांवरचे लोक आपोआप पाय आखडून घेत गेले. खड्ड्यापाशी फेलेती जमिनीवर बसला. ती चटयांसमोर येऊन उभी राहिली.

काही क्षण कालोलाइन हलली नाही. सगळा गाव बघत होता. मग ती उठली. तिला उठावंच लागलं. तिच्या बापाची बहीण उभी असताना ती बसू शकत नव्हती. दहा वर्षांचं ऑकलंड तिथं कामाला येत नव्हतं. पोरीला कडेवर घेऊन ती ढिगावरून उतरली आणि खाली जमिनीवर बसली. म्हातारी तिच्या जागेवर बसली.

"तहान लागलीय," म्हातारी म्हणाली.

लेसिएली गुडघ्यांवर चालत अंबाड्याचं ओताई घेऊन गेली. म्हातारीनं पेला संपवला, तोंड पुसलं आणि कालोलाइनपुढं हात केला.

"दे."

"आत्या, तिला मी—"

"दे म्हटलं."

कालोलाइननं पोर दिली. लेसिएलीनं रिकामा पेला दोन्ही हातांनी धरला होता, घट्ट.

"ही माझी," तोकिलुपे आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही. सगळीकडे ऐकू गेलं. "पाद्रीबाबा, तुम्ही कसल्याशा कागदावर सही केलीय म्हणतात. म्हातारीला विचारायचं राहिलं तुमचं. असो."

पाद्रीबाबांनी खाली बघितलं.

"तिकिटं झालीत, आत्या," कालोलाइन म्हणाली. तिच्या मानेवर शीर उभी राहिली होती. "सगळं ठरलंय."

"तू माझी चटई नेलीस तेव्हा मी मागितली नाही. मुलगी आहेस भावाची, म्हटलं, राहू दे. ती काय काचेत ठेवलीस म्हणे. हिला नाही ठेवायचं काचेत." तिनं नाइतेचा झगा सारखा केला. "ही इथं वाढेल, माझ्याजवळ. आणि मीही इथंच राहीन, माझ्या भावाच्या घरात. ट्रंक गाडीत आहे. फेलेती."

"आलो, आत्या," फेलेती खड्ड्यापासून म्हणाला.

"पलंगाच्या खोलीत ठेव."

पलंगाची खोली एकच होती. ती लेसिएलीची होती.

प्रार्थना झाली, जेवणं झाली. बादल्या घासताना फेलेती मागच्या दाराशी आला.

"तू बोलावलंस तिला?"

"हो."

"मला विचारलं नाहीस."

"तूही विचारलं नव्हतंस."

तो ट्रंक न्यायला गेला.

कालोलाइन त्यानंतर आली. उरलेले दुधाचे डबे तिनं पिशवीत भरले, व्हॅनिलाची बाटली पुसून भरली. तिचे डोळे सुजले होते. आवाज मात्र स्वच्छ होता.

"हुशार आहेस. कॉलेज वाया नाही गेलं."

लेसिएली बादली घासत राहिली.

"तिचं वय माहितेय तुला? एक्क्याऐंशी. आणि पाय बघितलास? नसशील. कॉलेजात ते शिकवत नाहीत. मी दिवसभर म्हाताऱ्यांतच असते, मला लांबून कळतं. साखर आहे तिला, आणि गोळी एकही घेत नाही. डाव्या पायाचा अंगठा काळा पडत चाललाय. मी दोन वर्षं देते. फार तर तीन." तिनं पिशवीची चेन ओढली. "मग त्या ढिगावर कोण बसतं, ते लिहून ठेव तुझ्या वहीत. मला घाई नाही, लेसिएली. पोरगी तेव्हा चार वर्षांची असेल. चार वर्षांच्या पोराला विमानात न्यायला उलट सोपं जातं."

मंगळवारी ती एकटी गेली. जाताना तिनं नाइतेचे दोन्ही गाल हुंगले आणि लेसिएलीकडे पाहिलं नाही.

बुधवारी सकाळी पाठ असलेल्या खुर्चीत तोकिलुपे आत्या बसली होती. चार दिवसांत तिनं चूल हलवायला लावली होती, फेलेतीची सायकल पुतण्याच्या पुतण्याला देऊन टाकली होती, आणि पोरगी तिच्या कुशीत झोपेल असं जाहीर केलं होतं. लेसिएली कोपऱ्यात चटईवर झोपत होती. तिनं दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या, मलमपट्टी आणली होती, आणि आत्ता कोमट पाण्याचं घमेलं घेऊन ती म्हातारीच्या पायांशी बसली होती. अंगठा कालोलाइन म्हणाली तसाच होता.

"आधी ओताई दे," म्हातारी म्हणाली.

लेसिएलीनं पेला दिला. म्हातारीनं घोट घेतला आणि पेला तसाच पुढं केला.

"साखर?"

"नाही घातली."

"घाल."

"नाही."

दारापाशी नारळ सोलत बसलेल्या फेलेतीचा हात थांबला.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. गोळी घ्या आधी."

"काल मलम, आज साखर बंद." म्हातारीनं डोळे बारीक केले. "मारायला टपलीयस मला. खोली हवीय तुला तुझी."

"खोली राहू दे तुम्हाला. तुम्हाला मरता येणार नाही, आत्या. निदान पोरगी मोठी होऊन स्वतःच्या तोंडानं वन्संना नाही म्हणेपर्यंत तरी."

म्हातारी हसली. ते हसणं प्रेमाचं नव्हतं.

"आणि मोठी होऊन जाते म्हणाली तर?"

नाइते खुर्चीचा पाय धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. लेसिएलीनं गोळी म्हातारीच्या तळहातावर ठेवली आणि घमेलं पुढं ओढलं.

"पाय इकडं करा," ती म्हणाली.